लेकीसाठी शिकारीची रायफल: आधी खांदा, मग काडतूस

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. तुम्ही दोघं इलिनॉयमध्ये नेपरव्हिलला राहता, ग्रीन कार्डवर. लेक इथेच जन्मलेली, लग्नानंतर विस्कॉन्सिनमध्ये मॅडिसनजवळ स्थायिक झाली. व्याह्यांची वॉशारा काउंटीत जंगलाची जमीन आहे आणि दर नोव्हेंबरात त्यांचं सगळं कुटुंब हरणाच्या शिकारीसाठी तिथे जमतं. लेकीने हंटर एज्युकेशनचा कोर्स पूर्ण केला आहे, यंदा तीही जाणार आहे. तिची स्वतःची रायफल माहेरून मिळावी अशी तुमची इच्छा आहे. उंची पाच फूट दोन इंच, डावखुरी, सराव जावयाच्या .२२ रायफलवर थोडाफार. बजेट सगळं मिळून १५०० डॉलर. दुकानदार म्हणतो .३०० विंचेस्टर मॅग्नम घ्या, व्याही म्हणतात .३०-०६ सोडून दुसरं नाव काढू नका, तुमचे मित्र म्हणतात बाईमाणसाला .२४३ बरी (ही तिन्ही काडतुसांची नावं). आणि रायफल खोक्यात बांधून दिवाळीत तिच्या हातात द्यायचा तुमचा बेत आहे.

माझं उत्तर असं: ६.५ क्रीडमूर काडतुसाची, डाव्या हाताची बोल्ट-ॲक्शन (दर बारानंतर दांडा हाताने मागेपुढे सरकवून काडतूस भरायची) रायफल घ्या. दस्ता, म्हणजे खांद्याला टेकणारा भाग, तिच्या मापाचा हवा आणि दुर्बीण बसवून वजन आठ पौंडांच्या आसपास भरलं पाहिजे. खोक्यात बांधून देऊ नका. विस्कॉन्सिनमधल्या दुकानात तिला बरोबर घेऊन जा, तिच्या नावावर खरेदी करा, आणि दिवाळीची वाट न पाहता गणपतीच्या सुमारास हे उरकून टाका. मी विस्कॉन्सिनमध्ये बरीच वर्षं शिकार करतो आहे आणि नव्या शिकाऱ्यांचे वर्गही घेतो. त्या अनुभवातून यामागची कारणं सांगतो.

सुरुवात कायद्यापासून करतो, कारण दिवाळीचा बेत तिथेच अडतो. तुम्ही इलिनॉयचे रहिवासी, लेक विस्कॉन्सिनची. दोन वेगळ्या राज्यांतल्या खासगी व्यक्तींनी एकमेकांना परस्पर बंदूक देणं अमेरिकेच्या संघराज्य कायद्यात बसत नाही. बाप-लेकीचं नातं असलं आणि एक पैसाही घेतला नसला, तरी नाही. मृत्युपत्राने वारसाला मिळणारी बंदूक आणि शिकारीसारख्या कायदेशीर कामासाठी थोडे दिवस उसनी दिलेली बंदूक एवढेच अपवाद आहेत. शिवाय इलिनॉयमध्ये बंदूक किंवा काडतुसं नुसती जवळ बाळगायची तरी तुमच्याकडे फॉइड कार्ड, म्हणजे बंदूक बाळगणाऱ्याचं राज्याने दिलेलं ओळखपत्र, लागतं, आणि खरेदीनंतर बंदूक ताब्यात मिळायला ७२ तास थांबावं लागतं. म्हणजे नेपरव्हिलला रायफल घेऊन, गाडीत टाकून, फराळाच्या डब्यांबरोबर लेकीकडे नेणं हा मार्ग बंद आहे.

सरळ मार्ग सोपा आहे. पैसे किंवा दुकानाचं गिफ्ट कार्ड लेकीला द्या. तिने विस्कॉन्सिनच्या परवानाधारक दुकानात स्वतः ४४७३ नंबरचा, बंदूक खरेदीचा संघराज्य सरकारचा फॉर्म भरायचा. तिची पार्श्वभूमी तपासली जाते आणि रायफल तिच्या हाती येते. तुम्ही शेजारी उभे राहून पैसे दिलेत तरी भेट ती भेटच. नको ते उलट प्रकरण: एकाने स्वतःला खरा खरेदीदार म्हणवून फॉर्म भरायचा, बंदूक मात्र दुसऱ्यासाठी आणि त्याच्याच पैशाने घ्यायची. त्याला स्ट्रॉ पर्चेस म्हणतात. २०२२च्या कायद्याने तो स्वतंत्र गुन्हा ठरवला आहे आणि त्याला १५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

तुमच्या निमित्ताने इतर वाचकांसाठी एक गोष्ट, कारण आपल्या लोकांत ती फार थोड्यांना ठाऊक असते. ग्रीन कार्ड असलेल्यांना बंदूक घेता येते. एच-१बी, एल-१ किंवा विद्यार्थी व्हिसावर असणाऱ्यांना मात्र संघराज्य कायद्याने बंदूक आणि काडतुसं दोन्ही बाळगायला मनाई आहे. शिकारीचा वैध परवाना जवळ असेल तर त्यातून सूट मिळते. तरीही व्हिसावर असताना असं काही करण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाशी एकदा बोला. इथली चूक दंडावर भागत नाही, ती थेट तुमच्या मुक्कामावर येते.

आता रायफलीकडे वळतो. दुकानदार, व्याही आणि मित्र हे तिघंही काडतुसापासून सुरुवात करताहेत. मी सुरुवात लेकीच्या शरीरापासून करतो. नवा शिकारी हरीण जखमी करून गमावतो, त्यामागे काडतूस कमजोर असणं हे कारण क्वचितच असतं. तो रायफलीच्या धक्क्याला घाबरतो, हे खरं कारण. बार होण्याच्या आधीच मन धक्क्याची वाट पाहू लागतं. डोळे मिटतात, खांदा पुढे ढकलला जातो, चाप दाबण्याऐवजी ओढला जातो आणि गोळी खाली किंवा मागे बसते. मागे म्हणजे पोटात. पोटात गोळी लागलेलं हरीण लगेच मरत नाही. तासन्‌तास तडफडतं, दाट झाडीत शिरतं आणि पुष्कळदा सापडतही नाही. शिकारीत मला सगळ्यात जास्त टोचतं ते हेच. ते टाळायला जे जे करता येईल ते भेट निवडतानाच करावं, असं मला मनापासून वाटतं.

धक्का मोजता येतो, त्याच्या ऊर्जेचं माप फूट-पौंड. साडेसात ते आठ पौंडांच्या रायफलीत ढोबळमानाने .२४३ विंचेस्टरचा धक्का ९-१० फूट-पौंड भरतो, ६.५ क्रीडमूरचा १२, ७ एमएम-०८चा १४, .३०८ विंचेस्टर आणि .२७०चा १७-१८, .३०-०६चा २०, आणि .३०० विंचेस्टर मॅग्नमचा २६ ते ३०. गोळीचं वजन आणि दारू बदलली की हे आकडे थोडे इकडेतिकडे होतात, क्रम मात्र तोच राहतो. बहुतेक माणसांना १५च्या आतला धक्का थोड्या सरावाने अंगवळणी पडतो. वीसच्या पुढे गेलं की भरभक्कम पुरुषही सरावाची टाळाटाळ करू लागतात. मॅग्नम रायफल घेऊन वर्षाकाठी मोजकी काडतुसं उडवणारे लोक रेंजवर नेहमी दिसतात. दुकानदार म्हणतो तशी ती आयुष्यभर पुरते खरी, पण कपाटात पडून.

.३०० विंचेस्टर मॅग्नम १९६३ साली आलं. पश्चिमेच्या डोंगराळ मुलखात एल्कसारख्या मोठ्या जनावरावर लांबून बार टाकायचा असेल तर ते उत्तम आहे. वॉशारा काउंटी म्हणजे वाळूची जमीन, ओक आणि पाइनची झाडी, मधे मधे शेतं. तिथे बहुतेक बार १०० यार्डांच्या आतबाहेर होतात, शेताच्या कडेला बसलं तर फार तर २००. व्हाइट-टेल हरणाचं मर्मस्थान, म्हणजे काळीज आणि फुप्फुसं, साधारण आठ इंचांच्या ताटलीएवढं असतं. तेवढ्या अंतरावरून त्या ताटलीत शांतपणे गोळी बसवायला मॅग्नमची गरज नाही. उलट जवळून मारलं तर खांद्याचं बरंच मांस वाया जातं.

.२४३ बाईमाणसासाठी असते हा समज खोडून काढायला हवा. १९५५ पासून या काडतुसाने असंख्य हरणं मारली गेली आहेत आणि अनुभवी हातात ते फार चांगलं चालतं. पण त्यातली गोळी हलकी असते, हरणासाठी ९५-१०० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप). खांद्याच्या हाडावर किंवा तिरकस कोनातून लागली तर आत पोचण्याची खात्री कमी होते. म्हणजे चुकीला सगळ्यात कमी जागा ठेवणारं काडतूस आपण सगळ्यात नवख्या माणसाला देतो. लेकीला १२-१४चा धक्काही खरंच सोसत नसेल तरच .२४३ घ्या, आणि तेव्हा बाँडेड (शिशाचा गाभा बाहेरच्या आवरणाला पक्का जोडलेली) किंवा तांब्याची गोळी वापरा.

व्याह्यांच्या .३०-०६ला मी नावं ठेवणार नाही. १९०६ साली अमेरिकन सैन्याने स्वीकारलेलं हे काडतूस आजही उत्तर अमेरिकेतल्या बहुतेक सगळ्या सावजांना पुरून उरतं. पण लेकीसाठी त्याचा धक्का थोडा जास्त आहे आणि त्याची लांब ॲक्शन, म्हणजे काडतूस भरणारी यंत्रणा, रायफल थोडी मोठी करते. .३०८ हे १९५२चं, आखूड ॲक्शनमधलं, कुठल्याही दुकानात मिळणारं काडतूस. यादीत मी ते तिसरं ठेवीन.

उरतात ६.५ क्रीडमूर आणि ७ एमएम-०८. दुसरं रेमिंग्टनने १९८० साली बाजारात आणलं. ते .३०८चंच आवरण मानेशी आवळून केलेलं आहे. १४० ग्रेनची गोळी सेकंदाला २८०० फुटांच्या आसपास वेगाने जाते आणि विस्कॉन्सिनच्या हरणासाठी याहून समतोल काडतूस मला ठाऊक नाही. तरीही तुमच्या लेकीसाठी पहिला क्रमांक मी ६.५ क्रीडमूरला देतो, त्याची दोन व्यावहारिक कारणं आहेत. डाव्या हाताच्या रायफली मुळात थोड्या काडतुसांत निघतात, त्यांत ६.५ सहज सापडतं. आणि हंगाम सुरू व्हायच्या आदल्या संध्याकाळी लक्षात आलं की काडतुसं घरीच राहिली, तर गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात .३०-०६, .३०८, .२७०, .३०-३० यांच्याबरोबर आता ६.५ क्रीडमूरही मिळतं. ७ एमएम-०८ची तशी खात्री नाही. हॉर्नेडीने हे काडतूस २००७ साली मूळ लक्ष्यवेधाच्या स्पर्धांसाठी आणलं, म्हणून जुने शिकारी त्याला नावं ठेवतात. २०० यार्डांच्या आत, शिकारीची योग्य गोळी असेल तर हरणाला फरक पडत नाही.

‘शिकारीची योग्य गोळी’ म्हणालो, तिथे भेट देणाऱ्यांची फसगत होते. ६.५ क्रीडमूरच्या कप्प्यात निम्मे खोके स्पर्धेच्या गोळ्यांचे असतात. खोक्यावर ‘मॅच’ लिहिलं असेल तर हरणासाठी घेऊ नका. ती गोळी कागदावर एकाच भोकात जावी म्हणून बनवलेली असते, जनावरात शिरल्यावर कशी उलगडेल याचा भरवसा नसतो. सॉफ्ट पॉइंट, बाँडेड किंवा अखंड तांब्याची, खोक्यावर हरणाच्या शिकारीसाठी असं स्पष्ट लिहिलेली गोळी घ्या. नळीवर कोरलेलं नाव आणि काडतुसाच्या बुडावर कोरलेलं नाव अक्षर न अक्षर सारखं हवं. ६.५ क्रीडमूर, ६.५ पीआरसी आणि ६.५ बाय ५५ ही तीन वेगळी काडतुसं आहेत. व्याह्यांच्या घरात पाच-सहा प्रकारच्या रायफली एका टेबलावर ठेवलेल्या असतील, तेव्हा हे तपासून पाहायची सवय लेकीला पहिल्या दिवसापासून लागू दे.

आता माप. साड्या आपण मापाविना भेट देतो, ब्लाउज देत नाही. रायफलीचा दस्ता ब्लाउजच्या जातीचा आहे. दस्त्याच्या मागच्या टोकापासून चापापर्यंतचं अंतर बाजारातल्या बहुतेक रायफलींत साडेतेरा ते पावणेचौदा इंच असतं, सहा फुटी माणसाचं शरीर धरून ठेवलेलं. लेकीच्या उंचीला साडेबारा ते तेरा इंच लागतील. दस्ता लांब झाला की ती कमरेतून मागे झुकेल. रायफलीचं वजन अंगापासून दूर जाईल, दस्ता खांद्याच्या खोबणीत न बसता दंडावर सरकेल आणि धक्का तिथेच बसेल. दुर्बिणीत पूर्ण चित्र दिसायला मान ताणावी लागेल. जिचा धक्का कागदावर १२ आहे, ती रायफल वीसची वाटेल.

दुकानात तपासायचं कसं? नोव्हेंबरात ती जे जाड जॅकेट घालणार तेच घालून जाऊ दे, हातमोजेही बरोबर. जॅकेटमुळे दस्ता इंचभर लांब झाल्यासारखा होतो, आणि ऑगस्टमध्ये टी-शर्टवर बरोबर वाटलेली रायफल बर्फात अडते. रायफल रिकामी आहे याची दुकानदाराकडून आणि स्वतःही खात्री करून घ्यायची, सुरक्षित दिशा पाहायची. मग डोळे मिटून रायफल खांद्याला लावायची, गाल दस्त्यावर टेकवायचा आणि डोळे उघडायचे. मान न हलवता दुर्बिणीचं पूर्ण गोल चित्र दिसलं, तर दस्ता तिचा. काळ्या कडा दिसल्या, तर नाही. नाक आणि अंगठा यांत दोन-तीन बोटांचं अंतर असावं, नाहीतर धक्क्याबरोबर अंगठा नाकावर येतो.

त्यातच तिचा प्रबळ डोळा तपासून घ्या. दोन्ही हात लांब करून तळव्यांमध्ये लहान फट करायची, तिच्यातून दूरची वस्तू पाहायची आणि आळीपाळीने डोळे मिटायचे. ज्या डोळ्याने वस्तू फटीत राहते तो प्रबळ. डावखुऱ्या माणसाचा डोळा डावाच असतो असं नाही. हात डावा आणि डोळा उजवा निघाला तर नव्यानेच शिकताना उजव्या खांद्यावर शिकणं सोपं जातं, आणि मग डाव्या हाताची रायफल लागणारही नाही. ती आजवर .२२ कुठल्या खांद्यावर मारते ते जावयाला विचारा. ही एवढी एक गोष्ट कळल्याशिवाय खरेदी करू नये.

‘युथ’ किंवा ‘कॉम्पॅक्ट’ नावाने विकल्या जाणाऱ्या आखूड रायफलींचा मोह पडेल. दस्ता बरोबर असतो, पण पुष्कळ मॉडेलं फार हलकी आणि आखूड नळीची असतात. हलकी रायफल जास्त लाथ मारते आणि आखूड नळीचा आवाज कानाला अधिक झोंबतो. दिवसभर डोंगर चढायचे असतील तर हलकं वजन हवं. तिला तर सासऱ्यांच्या मचाणावर बसायचं आहे. तिथे सात पौंडांची रायफल सहा पौंडांपेक्षा बरी, हातात स्थिर राहते.

मॉडेलांबद्दल. सॅव्हेज ११०च्या काही प्रकारांत ॲक्युफिट दस्ता येतो. त्यात पट्ट्या घालून लांबीही बदलते आणि गालाची उंचीही. डाव्या हाताचे प्रकार मिळतात. फिनलंडची टिका टी३एक्स डाव्या हातात मिळते. तिचा बोल्ट इतका गुळगुळीत सरकतो आणि चाप इतका स्वच्छ सुटतो की नव्या माणसाला पहिल्याच दिवशी फरक जाणवतो. पैसे पुरले तर माझा कौल तिलाच. तिच्या दस्त्याच्या लांबीची सोय मात्र आधी विचारून घ्या. गरज पडली तर गनस्मिथकडून दस्ता आखूड करून मागे मऊ पॅड बसवता येतो. रुगर अमेरिकन त्याहून स्वस्त आणि अचूकतेत मागे नाही, फक्त डाव्या हातात हवं ते काडतूस आहे का ते पाहावं लागेल.

लिव्हर-ॲक्शनचं, म्हणजे चापाभोवतीचा दांडा खालीवर करून काडतूस भरायच्या रायफलीचं, नाव कुणीतरी काढेलच, कारण ती दोन्ही हातांना सारखी आणि विस्कॉन्सिनच्या जंगलात .३०-३०ची मार्लिन किंवा विंचेस्टर पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. १५० यार्डांपर्यंत ती झकास आहे, धक्काही माफक. तरी पहिली रायफल म्हणून मी बोल्टच देईन. लिव्हरच्या रायफलीत बाहेरचा घोडा गारठलेल्या बोटांनी हळूच खाली सोडावा लागतो, तिथे नवख्याची बोटं घसरू शकतात. बोल्ट उघडला की रायफल निर्धोक आहे हे समोरच्यालाही लांबून दिसतं.

कुणी जुनी रेमिंग्टन ७०० देऊ केली तर घ्यायच्या आधी चापाची चौकशी करा. २००६च्या आधीच्या वॉकर चापाच्या आणि २००६ ते २०१४च्या एक्स-मार्क प्रो चापाच्या रायफलींबाबत चाप न दाबता बार होण्याच्या तक्रारींवरून मोठा वाद झाला आणि चाप बदलून देण्याची योजना काढावी लागली. चाप बदललेला असेल तर रायफल चांगली आहे.

दुर्बिणीवर साधारण २५० डॉलर ठेवा आणि रायफलीबरोबर खोक्यात येणारी फुकटची दुर्बीण शक्यतो टाळा. ३-९ बाय ४० (तीन ते नऊ पट मोठं दाखवणारी, पुढची काच ४० मिलिमीटरची) किंवा २-७ पुरेशी आहे. झाडीत कमी मोठं दाखवणारी दुर्बीणच कामाला येते, हरीण चटकन सापडतं. डोळ्यापासूनचं अंतर किमान साडेतीन इंच हवं, नाहीतर भुवई फुटते. व्हॉर्टेक्स ही कंपनी तुमच्या लेकीच्या घराजवळचीच, विस्कॉन्सिनमधल्या बार्नेव्हेल्डची. तिची आयुष्यभराची हमी आहे आणि काही बिघडलं तर तिथे जाता येतं. दुर्बीण दुकानातच बसवून घ्या, तिच्या गालाची जागा ठरल्यानंतर.

गोळी शिशाची की तांब्याची, हा प्रश्न घरात लहान मूल असेल किंवा येणार असेल तर गंभीरपणे घ्यावा. शिशाची गोळी जनावरात फुटते, तिचे डोळ्यांना न दिसणारे कण जखमेपासून बरेच दूरवर मांसात पसरतात आणि खिम्यात येतात. २००८ साली नॉर्थ डकोटात दान आलेल्या हरणाच्या मांसाची तपासणी झाली, तेव्हा त्यात असे कण सापडले आणि गरिबांना अन्न वाटणाऱ्या केंद्रांना ते मांस टाकून द्यायला सांगावं लागलं. अखंड तांब्याची गोळी तशी फुटत नाही. किंमत थोडी जास्त, ६.५ साठी १२० ग्रेनच्या आसपासची पाहा. सरावाला स्वस्त गोळ्या चालतील, पण शिकारीच्या गोळीवर रायफल पुन्हा झिरो करायची, म्हणजे दुर्बिणीचा नेम गोळीच्या माऱ्याशी जुळवून घ्यायचा, कारण गोळी बदलली की मारा बदलतो. मांसाचा विषय निघालाच आहे तर आणखी एक: विस्कॉन्सिनच्या हरणांत २००२ पासून सीडब्ल्यूडी हा मेंदूचा रोग आढळतो. डीएनआर, म्हणजे राज्याचं नैसर्गिक संसाधन खातं, तपासणी फुकट करून देतं. निकाल येईपर्यंत मांस फ्रीजरमध्ये ठेवून वाट पाहावी.

पैशांची विभागणी ढोबळमानाने अशी करीन: रायफल ८०० ते ८५०, दुर्बीण २५०, दुर्बीण बसवायच्या रिंगा आणि बेस ६०, काडतुसांचे पाच-सहा खोके २०० च्या आसपास, कानाचं इलेक्ट्रॉनिक संरक्षण आणि चष्मा ६०, मचाणावरून पडू नये म्हणून अंगाला बांधायचा पट्टा १००. रायफलीचा आवाज १६० डेसिबलच्या घरात असतो, आणि एकाच उघड्या बारानेही कानाला कायमची इजा होऊ शकते. शेवटची वस्तू मात्र कापू नका. शिकारी गोळीने जखमी होतात त्यापेक्षा मचाणावरून पडून जास्त होतात. पूर्ण अंगाचा पट्टा, चढताना-उतरताना लावायच्या दोरीसकट हवा, आणि रायफल रिकामी करून वेगळ्या दोरीने वर ओढून घ्यायची. कपाट किंवा तिजोरी कुलूपबंद, काडतुसं वेगळी. याबद्दल जावयाशी आधी बोलून घ्या.

गणपतीच्या सुमारास द्या म्हणालो, ते सरावासाठी. नऊ दिवसांचा बंदुकीचा हंगाम थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी सुरू होतो. दिवाळीत रायफल मिळाली तर तिला फार थोडे दिवस उरतात, आणि शेवटच्या आठवड्यात रेंजवर जत्रा असते. सप्टेंबरपासून सुरू केलं तर आधी .२२वर चापाचा हात बसवायचा, मग नव्या रायफलीवर एका बैठकीत दहा-बारा बार, त्याहून जास्त नाही. जावयाने अधूनमधून तिच्या नकळत खोटं काडतूस घालावं. चाप दाबताच नळी खाली झुकली, तर ती धक्क्याला घाबरते आहे हे लगेच कळतं आणि तिथेच सुधारता येतं. टेबलावर बसून नेम जमला की बसून, गुडघ्यावर आणि मचाणासारख्या उंचीवरून सराव करायचा. आठ इंचांच्या ताटलीत सलग बार बसतील ते अंतर तिची मर्यादा. पहिल्या वर्षी ती ८० यार्ड निघाली तर ८० यार्ड. त्यापलीकडचं हरीण जाऊ द्यायचं.

नातेवाइकांपैकी कुणी विचारेल की शिकारीची भेट कशाला. भारतात १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार बंद होत गेली, आपल्यासमोर तेच चित्र असतं, आणि त्या जंगलांसाठी ते योग्यच आहे. कोकणात पीक राखायला ठासणीची बंदूक असायची, तेवढाच बहुतेकांचा बंदुकीशी संबंध. विस्कॉन्सिनमध्ये ठासणीच्या बंदुकीचाही वेगळा हंगाम आहे, नऊ दिवसांच्या पाठोपाठ येणारा. इथे लांडगे आणि प्यूमा बहुतेक भागांतून नाहीसे झाले, हरणं वाढली. किती मारायची ते डीएनआर दरवर्षी ठरवतं. १९३७च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने रायफल आणि काडतुसांवर ११ टक्के कर बसतो, तो वन्यजीव संवर्धनासाठी राज्यांकडे जातो. तुमच्या भेटीतूनही तो जाईल.

व्याह्यांना दुखवू नका. ते .३०-०६चा आग्रह धरतात, कारण त्यांच्या घरात ती सगळ्यांनी वापरली आहे. सुनेला आपली रायफल शिकवायची हा त्यांचा जिव्हाळा आहे. त्यांना सांगा, रायफल तिच्या मापाची आम्ही घेतो, झिरो करायला मात्र तुम्हीच बरोबर बसा. जमिनीवरची वाट, वाऱ्याची दिशा, हरणं कुठून उतरतात, कुठल्या मचाणाच्या मागे शेजाऱ्याचं घर आहे आणि त्या दिशेला बार टाकायचा नाही, हे तिला त्यांच्याइतकं कुणी सांगू शकणार नाही. आणि तुमचं फॉइड कार्ड नसेल, तर लेक नेपरव्हिलला येईल तेव्हा रायफल विस्कॉन्सिनच्या घरीच कुलपात ठेवून यायला सांगा.